डिस्ने स्टुडिओतील संप (१९४१)

डिस्ने स्टुडिओतील संप : कॅलिफोर्नियातील बरबँक येथे वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत कार्टूनपटांचे काम करणाऱ्या कलावंतांनी २९ मे १९४१ रोजी सुरू केलेला संप. ‘स्क्रीन कार्टूनिस्ट्स गिल्ड’ या संघटनेने तो पुकारला. संघटनेच्या वतीने हर्बर्ट सॉरेल बोलणी करत होते. स्टुडिओच्या आतल्या माणसांत आर्ट बॅबिट हा नामांकित ॲनिमेटर पुढे होता. उन्हाळाभर फाटकावर पहारा राहिला, संघराज्य सरकारला मध्यस्थ पाठवावे लागले आणि नोकरकपातीच्या यादीवरून पुन्हा उद्भवलेला वाद मिटायला सप्टेंबरचा मध्य उजाडला. या संपाची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. वॉल्ट डिस्ने यांच्या मते तो कम्युनिस्टांनी घडवला. इतर अनेकांच्या मते तो साधा पगाराचा तंटा होता. उपलब्ध पुरावा तिसरीकडे बोट दाखवतो. स्टुडिओ कारखाना झाला होता, पण कारभार घरच्यासारखाच चालला होता. कोणाला किती पगार, कोणाला कधी बढती, कोणाचे नाव पडद्यावर आणि कोणाला उद्यापासून घरी पाठवायचे, हे सारे एका माणसाच्या मर्जीवर होते. त्या मर्जीच्या जागी लिखित नियम यावेत, ही या संपाची मुख्य मागणी होती.

हे समजण्यासाठी कामाची रीत पाहावी लागते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. मुख्य ॲनिमेटर हालचालीतील कळीच्या अवस्था रेखाटत असे, साहाय्यक त्या रेषा साफ करत असे, मधल्या अवस्था ‘इनबिट्वीनर’ भरून काढत असे आणि मग शाई-रंगाच्या विभागातील मुली ते चित्र पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवून मागच्या बाजूने रंगवत असत. ८३ मिनिटांच्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’साठी ही साखळी लाखो चित्रांवरून फिरली. १९२८ मध्ये मिकी माउस अवतरला तेव्हा स्टुडिओत मोजकीच माणसे होती. १९४० मध्ये ती हजारावर गेली. या वाढीबरोबर वेतनश्रेणी मात्र आल्या नाहीत. नावाजलेल्या ॲनिमेटरला आठवड्याला २०० ते ३०० डॉलर मिळत, तर शाई-रंगाच्या विभागातील मुलींना १८ डॉलरच्या आसपास. एवढी तफावत असणे ही एक गोष्ट झाली. ती कोणत्या मापाने ठरली हे कोणालाच सांगता न येणे अधिक जाचक होते. शेजारी-शेजारी बसून एकच काम करणाऱ्या दोघांचे पगार निराळे असत आणि बोनस मिळे तो वॉल्ट यांना एखादे काम आवडले म्हणून. वॉल्ट यांची नियत यात वाईट नव्हती, हे मान्य करायला हवे. नफा ते स्वतःच्या खिशात घालत नव्हते, पुढच्या चित्रपटात ओतत होते, आणि चित्रकारांच्या शिक्षणावर त्यांच्याइतका खर्च त्या काळी दुसरा कोणी करत नव्हता. पण उदार मर्जी झाली तरी ती मर्जीच. तिच्यापुढे हक्काने दाद मागता येत नाही.

नावाचा प्रश्न पैशापेक्षा खोल लागणारा होता. मिकीच्या पहिल्या लघुपटांवर अब आयवर्क्स यांचे नाव झळकत असे. १९३० मध्ये ते स्टुडिओ सोडून गेले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे लघुपटांच्या सुरुवातीला वॉल्ट डिस्ने हे एकच नाव दिसत राहिले. चित्रे काढणाऱ्याला आपले काम आपले आहे हे सिद्ध करायची सोय उरली नाही, आणि चित्रपटाच्या धंद्यात पडद्यावरचे नाव म्हणजेच पुढची नोकरी मिळवण्याचे ओळखपत्र असते. ‘स्नो व्हाइट’मध्ये ॲनिमेटरांची नावे आली; साहाय्यक, इनबिट्वीनर आणि शाई-रंगाच्या विभागातील शेकडो हात अनामिकच राहिले. या चित्रपटाच्या अखेरच्या महिन्यांत त्यांनी रात्री जागवल्या होत्या, यश आले की त्यात आपला वाटा असेल या भरवशावर. यश असे आले की पहिल्याच फेरीत सुमारे ८० लाख डॉलरचा गल्ला जमला. तो पैसा बरबँकच्या नव्या वास्तूत आणि पुढच्या चित्रपटांत गेला. ती वास्तू वातानुकूलित, देखणी, कामाच्या सोयीने बारकाईने आखलेली होती. तिच्या छतावर एक क्लब होता, व्यायामशाळेसह, फक्त वरच्या पगाराच्या पुरुषांसाठी. ॲनिमेशनची इमारत वेगळी, शाई-रंगाची वेगळी. हायपेरियन अव्हेन्यूवरच्या जुन्या दाटीवाटीच्या जागेत सगळ्यांचा सगळ्यांशी खांदा लागत असे. तिथे जी विषमता झाकली जाई, ती इथे विटांत बांधली गेली.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, स्टुडिओपाशी पैसाच नव्हता. ही गोष्ट खरी आहे. युरोपात युद्ध पेटल्यामुळे परदेशी बाजार तुटला, १९४० मध्ये आलेले ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ तोट्यात गेले, बँकेचे कर्ज वाढले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीला शेअर विक्रीला काढावे लागले. परंतु तंगी ही संपाची वेळ समजावून सांगते, त्याचे कारण समजावून सांगत नाही. भरभराटीत मर्जीने मिळते ते तंगीत मर्जीनेच काढून घेतले जाते आणि कोणाकडून आधी काढायचे याला नियम नसतो, तेव्हा प्रत्येक जण धास्तावतो. फेब्रुवारी १९४१ मध्ये वॉल्ट यांनी कर्मचाऱ्यांना सभागृहात बोलावून भाषण केले. आपण कसे हालात दिवस काढले हे सांगितले, आणि ज्याची प्रगती होत नाही त्याने तक्रार करण्याऐवजी स्वतःकडे पाहावे असे बजावले. ते मनापासून बोलले असणार. पण पगाराचे कोष्टक मागणाऱ्याला चारित्र्याचा उपदेश मिळाला, आणि त्या भाषणानंतर गिल्डकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: इतर स्टुडिओंपेक्षा इथे पगार चांगला, सोयी चांगल्या, मग तक्रार कसली? त्याचे उत्तर आर्ट बॅबिट यांच्या वागण्यात मिळते. ‘स्नो व्हाइट’मधील दुष्ट राणी, ‘फँटेशिया’तील नाचणाऱ्या अळंब्या आणि गूफीच्या स्वभावाची घडण या कामांमुळे ते स्टुडिओतील सर्वाधिक पगाराच्या कलावंतांत गणले जात. पोटासाठी संप करण्याची त्यांना गरज नव्हती. शिवाय १९३८ मध्ये स्थापन झालेल्या ‘फेडरेशन ऑफ स्क्रीन कार्टूनिस्ट्स’ या अंतर्गत संघटनेचे ते अध्यक्ष होते, आणि ती स्टुडिओचे वकील गुंथर लेसिंग यांच्या संमतीनेच उभी राहिली होती. म्हणजे त्यांनी आधी घरातल्या घरात, मालकाला चालेल अशा मार्गाने प्रयत्न करून पाहिला. वर्षे उलटली तरी त्या संघटनेशी खरा करार झाला नाही. हाताखालच्या साहाय्यकासाठी किरकोळ पगारवाढ मागितली तीही नाकारली गेली. ही संघटना मालकधार्जिणी आहे अशी बॅबिट यांची खात्री पटली, ते गिल्डमध्ये गेले, आणि मे १९४१ च्या अखेरीस गिल्डच्या इतर सभासदांसह त्यांना कामावरून काढण्यात आले. दुसऱ्याच दिवशी संप सुरू झाला. स्वतःची ददात नसलेला माणूस हाताखालच्यांसाठी फाटकाबाहेर उभा राहतो, तेव्हा हा प्रश्न आकड्यांपुरता नाही हे ओळखायला हवे.

गिल्डच्या बाजूचा एक कच्चा दुवाही नोंदवला पाहिजे. बहुमत आपल्याकडे आहे असे सॉरेल सांगत होते आणि सभासदांची कार्डे तपासून घ्या म्हणत होते. वॉल्ट गुप्त मतदान मागत होते. वरवर पाहता वॉल्ट यांची मागणी लोकशाहीला धरून होती, आणि सॉरेल यांनी ती धुडकावली याचा ठपका गिल्डवर आजही ठेवला जातो. परंतु ज्या मालकाकडे सभासदांना कामावरून काढण्याची मुभा आहे आणि जो ती वापरतो आहे, त्याच्या छायेत होणारे मतदान कितपत मोकळे असते? १९३५ च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने संघटनेचा हक्क दिला होता तो याच दहशतीवर उपाय म्हणून. मतदान आधी आणि बडतर्फी कधीच नाही, असा प्रस्ताव वॉल्ट यांनी ठेवला असता तर गिल्डची बाजू लंगडी पडली असती. तसा प्रस्ताव आला नाही.

हे दुखणे एकट्या डिस्नेचे नव्हते. १९३७ मध्ये न्यूयॉर्कला पॉपायचे लघुपट बनवणाऱ्या फ्लायशर स्टुडिओत मे ते ऑक्टोबर असा पाच महिने संप चालला होता; तिथेही ठिणगी पडली ती साखळीच्या तळाशी असलेल्या कमी पगाराच्या चित्रकारांत. १९४१ च्याच मे महिन्यात लिऑन श्लेसिंजर यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी काम करणाऱ्या आपल्या स्टुडिओत टाळेबंदी केली आणि आठवड्याभरात ती उठवून गिल्डशी करार केला. एमजीएमनेही करार केला होता. जे इतरांना जमले ते डिस्नेला अशक्य का वाटावे, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही. श्लेसिंजर यांच्या दृष्टीने स्टुडिओ हा व्यवसाय होता. वॉल्ट यांच्या दृष्टीने ते कुटुंब होते, आणि कुटुंबात करारपत्र मागणे म्हणजे कृतघ्नपणा. संपकरी चित्रकार असल्याने त्यांचे फलकही देखणे होते, वाटेने जाणारे लोक थांबून पाहत. जूनमध्ये स्टुडिओची आनंदी सफर घडवणारा ‘द रिलक्टंट ड्रॅगन’ प्रदर्शित झाला आणि चित्रपटगृहाबाहेर त्याच स्टुडिओचे कलावंत निदर्शने करत उभे राहिले. वॉर्नरच्या स्टुडिओतील सहकारी फ्रेंच राज्यक्रांतीचा वेष करून गिलोटिनसह मिरवणुकीने आले.

कम्युनिस्ट कटाचा आरोप वॉल्ट यांनी जुलैमध्ये चक्क ‘व्हरायटी’ नियतकालिकात जाहिरात देऊन केला आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ‘अन-अमेरिकन’ कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे साक्षीत पुन्हा मांडला. तिथे त्यांनी सॉरेल यांच्यासह संपाचे एक संघटक डेव्हिड हिल्बरमन यांचेही नाव घेतले. संपकऱ्यांत डाव्या विचारांची माणसे होती, हे झाकण्याचे कारण नाही. पण बाहेरून आलेला विचार आतल्या माणसाला तेव्हाच पटतो, जेव्हा आत काही सलत असते. स्टुडिओने निवडलेला मध्यस्थ कोण होता, हेही पाहण्याजोगे आहे. रंगमंच व चित्रपट कामगारांच्या संघटनेचा हॉलिवूडमधील म्होरक्या विली बायोफ याला तडजोडीसाठी पुढे करण्यात आले. हा गुंडटोळीचा माणूस होता, चित्रपट कंपन्यांकडून खंडणी उकळल्याबद्दल त्याच्यावर खटला उभा होता आणि त्याच वर्षी तो दोषी ठरला. याच बायोफला दूर ठेवण्यासाठी बॅबिट यांची अंतर्गत संघटना निघाली होती! संपकऱ्यांनी ही मध्यस्थी झिडकारली. मालकाला खरोखर भय फक्त बाहेरच्या हाताचे असते, तर बायोफचा हात त्याने धरला नसता.

जुलैच्या अखेरीस सरकारी मध्यस्थांचा निर्णय बव्हंशी गिल्डच्या बाजूने लागला: संघटनेला मान्यता, काढलेल्यांना परत कामावर घेणे, पगारात वाढ. मध्य ऑगस्टमध्ये वॉल्ट सरकारच्या विनंतीवरून दक्षिण अमेरिकेच्या सदिच्छा दौऱ्यावर गेले. मागे कपातीची यादी निघाली तेव्हा तीत संप न करणाऱ्यांपेक्षा संपकऱ्यांची नावे कितीतरी पट अधिक होती. पुन्हा तंटा झाला, स्टुडिओ काही आठवडे बंद राहिला आणि अखेर दोन्ही गटांतून प्रमाणात कपात करण्याचे सूत्र ठरले. बढती-बडतर्फीचा हिशेब लिहून ठेवावा लागणे, हे या स्टुडिओत प्रथमच घडत होते.

संपाने डिस्नेचे सुवर्णयुग संपवले, हा शेवटचा आक्षेप अर्धा खरा आहे. ‘डंबो’ ऑक्टोबर १९४१ मध्ये आला, कमी खर्चात झाला आणि नफ्यात गेला. पुढच्या वर्षी ‘बॅम्बी’ आला. नंतर मोठे चित्रपट थांबले त्यात पर्ल हार्बरनंतरच्या लष्करी कामांचा वाटा मोठा होता. पण माणसे गेली, हे नुकसान खरेच. ‘फँटेशिया’तील सैतान रेखाटणारे बिल टायटला संपानंतर परतले, त्यांचे मन तिथे रमले नाही आणि १९४३ मध्ये ते बाहेर पडले. त्यांच्या तोडीचा हात स्टुडिओला पुन्हा मिळाला, असे म्हणणे कठीण आहे. हिल्बरमन यूपीए या नव्या स्टुडिओच्या संस्थापकांत होते, जॉन हब्ली तिथेच पुढे आले, आणि सपाट रंग व मोजक्या रेषांची यूपीएची शैली ‘जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग’ला ऑस्कर मिळाल्यावर जगभर पोहोचली. ती शैली संपाने जन्माला घातली असे म्हणणे अतिशयोक्त होईल. तिला लागणारे चित्रकार मात्र संपाने मोकळे केले.

बॅबिट यांना पुन्हा काढण्यात आले. ते श्रमसंबंध मंडळाकडे गेले, खटला जिंकले, युद्धातील सेवेनंतर हक्काने स्टुडिओत परतले आणि १९४७ मध्ये आपल्या मर्जीने बाहेर पडले. डिस्नेमध्ये गिल्डही टिकली नाही. सॉरेल यांच्या नेतृत्वाखालील संघटनांची आघाडी युद्धानंतरच्या संपांत मोडली आणि १९५२ मध्ये डिस्नेतील कलावंतांचे प्रतिनिधित्व एकेकाळी बायोफ जिच्या वतीने बोलत असे त्याच संघटनेच्या ८३९ क्रमांकाच्या शाखेकडे गेले. बायोफ तोवर केव्हाच बाजूला झाला होता. त्या शाखेनेही पुढच्या वाटाघाटी लिखित करारांच्याच आधारावर केल्या.