साक्षीदार ते पीडित: कायद्यात उशिरा आलेला एक शब्द

आजची सुरुवात आमच्या घरातूनच.

२०१६ मध्ये आई संध्याकाळी भाजी घेऊन येत होती. बाइकवरच्या दोघांनी तिचं मंगळसूत्र खेचलं. मानेला ओरखडे, गुडघा फुटलेला. एफआयआर झाली आणि मग तीन वर्षं शांतता. कोण सापडलं, केस कुठवर आली, कोणी काही सांगितलं नाही. २०१९ मध्ये एकदम कोर्टाचं समन्स आलं. आईला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. आई म्हणाली, "अरे, मंगळसूत्र माझं गेलं ना? मग मी साक्षीदार कशी?"

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, या डेटाबेसमध्ये पोलीस आहेत, वकील आहेत, आरोपी आहे, पण जिचं नुकसान झालं तिच्यासाठी कॉलमच नाही! असं का? तर त्याचं उत्तर इतिहासात आहे.

आपल्याकडे फौजदारी कायद्याचा साचा इंग्रजांचा. त्यात गुन्हा हा राज्याविरुद्धचा मानला जातो. म्हणून खटल्याचं नावच 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. सरकारी वकील राज्याचा. मार खाल्लेला माणूस फक्त पुराव्यापुरता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ खाली भरपाई होती, पण आरोपी दोषी ठरला तर, आणि न्यायाधीशांना वाटलं तर.

आता १९७२ मध्ये जाऊ. २६ मार्चची रात्र. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. एका आदिवासी मजूर मुलीवर पोलीस ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केलेला दिसत नाही, म्हणजे संमती होती, असा त्यामागचा तर्क!

वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुद्दा साधा होता: ठाण्यात, पोलिसांसमोर, गरीब मुलगी गप्प राहिली तर ती संमती कशी? १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ती 'संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने तेच गृहीत धरायचं. पीडितेची ओळख छापणं हाही गुन्हा ठरला. तिचं नाव तोपर्यंत सगळीकडे छापून झालं होतं. मी ते घेणार नाही. आणि या बदलाने तिला स्वतःला काय मिळालं? काही नाही. ते दोघे सुटले ते सुटलेच.

पण 'पीडित' या शब्दाची व्याख्या संहितेत यायला २००९ चा ३१ डिसेंबर उजाडला. २००८ च्या दुरुस्तीची अंमलबजावणी त्या दिवशी सुरू झाली. तिच्यातून तीन मोठ्या गोष्टी मिळाल्या. सरकारी वकिलाला मदत करायला पीडिताला स्वतःचा वकील देता येतो. आरोपी सुटला तर अपील करता येतं. आणि कलम ३५७-अ खाली राज्याच्या निधीतून भरपाई मागता येते, आरोपी सापडला नसला तरीसुद्धा. महाराष्ट्रात २०१३ मध्ये बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना आली.

पुढे कोर्टांनी हे हक्क रुंद केले. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पीडिताला अपिलासाठी आधी परवानगी मागायची गरज नाही. २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात सांगितलं, आरोपीच्या जामिनावेळी पीडिताचंही ऐकायला हवं.

मग १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत पीडिताला कळवायचं. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर पीडिताचं म्हणणं ऐकायचं. कागदावर छान आहे. पण पोलिसांनी कळवलंच नाही तर पुढे काय, हे त्या कलमात लिहिलेलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फीचर आलंय, एरर हँडलिंग नाही.

आता आईच्या केसचं सांगतो. साक्षीला गेली तेव्हा तीन वर्षांनी तिला चेहरा ओळखता आला नाही. निकाल आम्हाला वर्षभराने कळला, तोही आम्हीच कोर्टात जाऊन विचारलं म्हणून. आरोपी सुटला होता. त्याविरुद्ध अपील करायचा हक्क आईला होता, हे मला हा भाग तयार करताना समजलं. टिकलं असतं की नाही, वेगळी गोष्ट. पण तो हक्क दहा वर्षं पुस्तकात होता आणि आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, ना ठाण्यात, ना कोर्टात.

म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या घरात असं काही घडलं, तर एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. ९० दिवसांनी ठाण्यात जाऊन तपासाचं विचारा, आणि लेखी विचारा. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस गाठा. देसाईगंजच्या त्या मुलीला यातलं काहीच मिळालं नाही. आपल्याला मिळालंय, तर निदान मागू तरी.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!