परदेशाची वाट धरण्यापूर्वी...

परभणी, (खास प्रतिनिधी) : नोकरी, उच्च शिक्षण अथवा विवाहाच्या निमित्ताने देशाबाहेर जाणारे केवळ मुंबई-पुण्याचेच असतात, असे आता राहिलेले नाही. आखातात कामासाठी निघालेला गंगाखेडचा गवंडी, जर्मन भाषेचे धडे गिरवणारी सेलूची परिचारिका आणि कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन पुढील शिक्षणाची तयारी करणारा विद्यार्थी या तिघांच्याही घरी आज एकच प्रश्न विचारला जातो : नेमकी सुरुवात कोठून करायची? या प्रश्नाचे उत्तर वेळीच न मिळाल्यास भुर्दंड मोठा पडतो. शेतीचा तुकडा विकून दलालाच्या हाती दिलेली रक्कम परत येत नाही आणि नावातील एका अक्षराच्या फरकामुळे हुकलेली संधीही सहसा पुन्हा येत नाही. म्हणूनच तिकीट काढण्याआधी करावयाच्या गोष्टींचा हा क्रमवार आढावा.

नावाची एकवाक्यता

सर्व कागदपत्रांचा पाया म्हणजे पासपोर्ट. त्यात आडनाव आणि उर्वरित नाव यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. आपल्याकडील प्रमाणपत्रांवर मात्र बहुधा आडनाव आधी, मग स्वत:चे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असा क्रम असतो. शाळेचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पॅन कार्ड समोर ठेवून नावाचे इंग्रजी स्पेलिंग अक्षरश: ताडून पाहावे. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच आहे, त्यांनी विशेष काळजी घ्यावी. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन वा भेटीच्या व्हिसाने प्रवेश देणार नाही, असे संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले होते.

नावात बदल करावयाचा असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात तो प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. यात काही आठवडे जातात. तेव्हा हे काम पासपोर्टच्या अर्जापूर्वीच उरकावे. लहान मुलांसोबत जाणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. १ ऑक्टोबर २०२३ वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो.

जिल्हा बदलला, विद्यापीठ बदलले

मराठवाड्यातील अर्जदारांची खरी अडचण पुढेच असते. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वसमत, कळमनुरी वा सेनगाव परिसरात त्यापूर्वी जन्मलेल्यांच्या दाखल्यावर जिल्हा परभणी आणि आजच्या पत्त्यावर हिंगोली, असे चित्र दिसते. जन्मस्थळ लिहिताना हा फरक लक्षात घेऊन सर्व अर्जांत एकसारखीच नोंद करावी.

पदवीच्या पडताळणीबाबतही असेच आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी परभणीच्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्यांची पदवी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाची असून, त्या विद्यापीठाचाही १९९४ मध्येच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. १९७२ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. दहावी-बारावीचे जुने प्रमाणपत्र ज्या औरंगाबाद विभागीय मंडळाचे, त्या शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे. परदेशातील अधिकाऱ्याला या नामांतरांची माहिती असण्याचे कारण नाही. गुणपत्रिकेवर एक नाव आणि पडताळणीच्या पत्रावर दुसरे पाहून त्याला शंका येऊ शकते. यासाठी जुने व नवे नाव एकाच संस्थेचे असल्याचे पत्र संबंधित संस्थेकडून आधीच मागून घेणे हिताचे.

साक्षांकन कशासाठी?

परदेशात भारतीय प्रमाणपत्र ग्राह्य धरले जावे म्हणून त्याचे साक्षांकन लागते. अपोस्टिल या आंतरराष्ट्रीय पद्धतीत भारत २००५ मध्ये सहभागी झाला. या करारातील देशांसाठी राज्य शासनाच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचे साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरेसे ठरते. ओमान, बहरीन आणि अलीकडे सौदी अरेबिया या करारात आहेत. संयुक्त अरब अमिराती, कतार व कुवेत यांच्यासाठी मात्र त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही घ्यावा लागतो. मूळ प्रमाणपत्र मध्यस्थाच्या हाती देताना त्याची पोच आणि रंगीत छायाप्रत स्वत:जवळ ठेवावी.

आखाती देशांत कामाला जाताना

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सामान्यत: 'ईसीआर' अशी नोंद असते. असे पासपोर्टधारक आखाती देशांसह एकूण १८ देशांत नोकरीसाठी जात असतील, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार त्यांना परवानगी घ्यावी लागते. ही प्रक्रिया 'ई-मायग्रेट' या शासकीय संकेतस्थळावरून होते. ईसीआर पासपोर्ट असलेल्या महिलांसाठी किमान वय ३० वर्षे आहे.

याच टप्प्यावर फसवणुकीला वाव असतो. भरती करणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारचा परवाना असणे बंधनकारक असून, परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटवर कोणालाही पाहता येते. गावात येऊन मुलाखती घेणारा 'उपएजंट' या यादीत नसेल, तर त्याच्याशी व्यवहार करू नये. परवानाधारक एजंटालाही सेवाशुल्कापोटी जास्तीत जास्त ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढीच रक्कम घेता येते. ती बँकेमार्फत द्यावी आणि पावती घ्यावी. लाख-दीड लाखाची रोख मागणी झाली, की तेथेच थांबावे.

'आधी पर्यटक व्हिसावर जा, तेथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देऊ' या आश्वासनाला बळी पडू नये. भेटीच्या व्हिसावर काम करणे त्या देशात गुन्हा ठरतो. शिवाय करार, विमा व तक्रारीचा हक्क या तिन्ही गोष्टींचे संरक्षण हातचे जाते. नोकरीच्या करारात पदनाम, मूळ वेतन, कामाचे तास, निवास, वैद्यकीय सोय आणि परतीच्या तिकिटाची तरतूद आहे का, हे समजून घ्यावे. करार इंग्रजी वा अरबीत असल्यास जाणकाराकडून मराठीत वाचून घेतल्याखेरीज स्वाक्षरी करू नये.

ईसीआर कामगारांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना अनिवार्य आहे. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्त्यात, अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण तीत मिळते. या विम्याची प्रत घरी ठेवून जावे, कारण दाव्याची वेळ आल्यास धावपळ घरच्यांनाच करावी लागते. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो मालकाने ठेवून घेतल्यास भारतीय दूतावासाकडे अथवा 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार करता येते.

शिक्षण आणि युरोपातील संधी

महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पुरवठ्याचा करार केला. तेथील संधीची किल्ली अर्थातच भाषा ही आहे. परिचारिकांना व्यावसायिक मान्यतेसाठी साधारणत: 'बी-२' पातळीची जर्मन यावी लागते. ही पातळी दोन-तीन महिन्यांत गाठता येत नाही. वर्षभराचा वेळ हाताशी धरूनच नियोजन करावे. उच्च शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती उपलब्ध आहे. तिची जाहिरात आणि विद्यापीठाच्या प्रवेशपत्राची तारीख यांचा मेळ घालणे गरजेचे ठरते.

शेती, घर आणि बँक

परदेशी गेल्यावर वडिलोपार्जित शेती सोडावी लागते का, ही शंका अनेकांच्या मनात असते. तसे काहीही नाही. येथे राहत असताना मिळालेली अथवा वारसाने आलेली शेतजमीन अनिवासी भारतीयाला स्वत:कडे ठेवता येते. मात्र, अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन खरेदी करता येत नाही. त्यामुळे भावकीतील वाटणी, वारसनोंद वा फेरफार प्रलंबित असल्यास तो जाण्यापूर्वी मार्गी लावून अद्ययावत सातबारा हाती घ्यावा.

मागे राहणाऱ्या विश्वासू नातलगाच्या नावे मुखत्यारपत्र करावयाचे असल्यास तेही येथेच, दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून करावे. त्यात अधिकार मोजकेच आणि स्पष्ट लिहावेत. कर्जाची परतफेड वा पीकविम्याचे काम पाहण्यासाठी जमीन विकण्याचा अधिकार देण्याची गरज नसते. परदेशातून मुखत्यारपत्र पाठविण्याची वेळ आल्यास ते तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

नोकरीसाठी बाहेर गेल्यावर येथील साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमात बसत नाही. बँकेला कळवून ते 'एनआरओ' खात्यात बदलून घ्यावे. तिकडची कमाई पाठविण्यासाठी 'एनआरई' खाते उघडावे. बँक व आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडणार नाही, याचीही तजवीज करावी.

सामानात काय नको?

आईने प्रेमाने दिलेला डबाही विमानतळावर अडचणीत आणू शकतो. खसखस ही अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर येथे प्रतिबंधित आहे. त्यामुळे खसखस लावलेले अनारसे किंवा ती घातलेला मसाला सोबत नेऊ नये. ट्रामाडॉल, कोडीन यांसारखे घटक असलेल्या वेदनाशामक व खोकल्याच्या औषधांवरही आखातात कडक निर्बंध आहेत. नियमित औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनातच ठेवावीत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी बियाणे, दुधाचे पदार्थ व अन्नपदार्थ प्रवेशाच्या वेळी न चुकता जाहीर करावेत. भारतीय चलन २५ हजार रुपयांपर्यंतच बाहेर नेता येते.

निघण्यापूर्वी तपासा

* पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक आहे का?
* व्हिसावरील पद व मालकाचे नाव करारातील नोंदीशी जुळते का?
* पासपोर्ट, व्हिसा, करार व विमा यांच्या प्रतींचा एक संच घरी ठेवला का?
* तेथील भारतीय दूतावासाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक स्वत:जवळ आणि घरच्यांजवळ लिहून ठेवला का?
* परभणीहून रेल्वेने मुंबई वा हैदराबाद गाठताना उड्डाणापूर्वी एक दिवस हाती राहील, असे आरक्षण केले का?

या पाचही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल, तरच बॅग बंद करावी. एकाचे जरी 'नाही' असेल, तरी प्रवास आठवडाभर पुढे ढकलणे परवडते. परक्या मुलखात कागदाविना अडकून पडणे मात्र परवडत नाही.