रंगवलेली तबकडी

जुन्या घड्याळांच्या शौकिनांत मुंबईचे नाव जगभर आहे, पण ते चांगल्या अर्थाने नाही. भडक निळी तबकडी, लाल काटे आणि आरशासारखी चकाकणारी केस असलेले फेवर-ल्युबाचे ‘सी किंग’ एखाद्या परदेशी संग्राहकाला दाखवा. मागचे झाकण न उघडताच तो म्हणेल, ‘मुंबई स्पेशल’. म्हणजे मशीन जुने स्विस आणि वरचा रंग कालपरवाचा. हा शब्द हिणवण्यासाठीच वापरतात. मला त्यात निम्मे तथ्य आणि निम्मे अज्ञान दिसते.

स्विस घड्याळांचे आणि मुंबईचे नाते जुने आहे. फेवर-ल्युबा 1865 मध्ये मुंबईत आली. त्यानंतर आली वेस्ट एंड. ही कंपनीही स्विसच, नाव मात्र लंडनच्या उच्चभ्रू वस्तीचे आणि गिऱ्हाईक हिंदुस्तानातले. तिच्या जुन्या तबकड्यांवर कंपनीच्या नावाखाली ‘बॉम्बे–कलकत्ता’ असे छापलेले असे. तिचे सर्वांत गाजलेले घड्याळ म्हणजे ‘सोवार प्रीमा’. सोवार म्हणजे आपला सवार, घोडदळातला शिपाई. फारसीतून फौजेत रुळलेला हा शब्द फौजेतून थेट स्वित्झर्लंडमधल्या कारखान्यात जाऊन बसला.

मनगटी घड्याळ मुळात बायकांचा दागिना समजले जाई. पुरुषाचे घड्याळ खिशात. पहिल्या महायुद्धाने हे बदलले, कारण एका हातात बंदूक असताना खिशातले घड्याळ काढायचे कसे? त्या युद्धात आपल्या भागातले लोक मेसोपोटेमियात होते. तिथल्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. 29 एप्रिल 1916 रोजी कूत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली, तेव्हा 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिच्यात होत्या. 1914 मध्ये शिपायाचा पगार महिना 11 रुपये होता. त्यामुळे घड्याळ असलेच तर साहेबाच्या मनगटावर, शिपायाच्या नव्हे. त्याचे फक्त नाव पुढे तबकडीवर आले.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. 1961 मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीची घड्याळे बनू लागली. तोवर, आणि नंतरही बरीच वर्षे, स्विस घड्याळ म्हणजे एक तर वडिलांकडून आलेले, नाही तर चोरट्या मार्गाने. असे घड्याळ लोक तीस-चाळीस वर्षे वापरत. मुंबईची हवा दमट. काचेच्या कडेने ओल शिरते, तबकडीवर काळे डाग पडतात, आकडे झिजतात. नवी तबकडी आणायची कुठून? मग घड्याळजी तीच तबकडी खरवडून, रंगवून, आकडे पुन्हा छापून बसवी. भांड्याला कल्हई करतात तसे. मालकाला ठाऊक असे, घड्याळजीला ठाऊक असे. यात फसवणूक कुठे आली? वस्तू टाकून देणे परवडत नव्हते, त्या समाजाची ती दुरुस्ती होती.

फसवणूक सुरू झाली ती हीच घड्याळे ‘अस्सल जुनी’ म्हणून विकली जाऊ लागली तेव्हा. 2016 मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचे ठरवले आणि जनता, पायलट यांच्याभोवतीही तोच बाजार उभा राहिला. कंपनीने कधी न काढलेल्या रंगांचे पायलट आज ढिगाने मिळतात. फिक़्हमध्ये यासाठी नेमका शब्द आहे, ख़ियार-ए-ऐब. मालातला दोष लपवून विक्री झाली असेल, तर गिऱ्हाइकाला माल परत करण्याचा हक्क आहे. घड्याळ रंगवणे हा ऐब नाही, रंगवल्याचे न सांगणे हा आहे.

ओळखायचे कसे? भिंग घ्या. मूळ छपाईची अक्षरे कडांपर्यंत रेखीव असतात, रंगवलेल्यावर ती पसरतात. सहाच्या आकड्याखालची ‘स्विस मेड’ ही अक्षरे बऱ्याचदा गायब असतात, नाही तर वाकडी असतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. केसच्या धारदार कडा पॉलिशने साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतात.

मी घेतलेली सोवार प्रीमा मटण स्ट्रीटवरची आहे. तबकडी चहा सांडल्यासारखी तपकिरी. घड्याळजी म्हणाले, “भाई, चार दिवसांत नवी करून देतो.” मी म्हटलं, “चाचा, तबकडीला हात लावू नका. मशीन धुऊन तेल घाला, तेवढं पुरे.” त्यांना माझी कीव आली असावी. माझ्या आग्रहाला आणखी एक कारण होते. त्या काळी अंधारात चमकणाऱ्या आकड्यांत रेडियम घालत. चमक काही वर्षांत मरते, पण रेडियम अर्धे व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. अशी तबकडी कोरडी खरवडली की त्याची धूळ कारागिराच्या छातीत जाते. हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले.

मग त्यांनी मागचे झाकण उलटे करून भिंगाखाली धरले. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. आधीच्या घड्याळजींनी दुरुस्तीच्या वेळी टाकलेल्या तारखा, आद्याक्षरे, एक उर्दूतला आकडा. मी मोजल्या, सात. तबकडी कितीही वेळा रंगवा, या बाजूला कुणी रंग लावत नाही. चाचांनी सुई घेतली आणि खाली आठवी खूण केली.