हॅपी (इंग्रजी विशेषण)

हॅपी : आनंद, समाधान, सुदैव, समर्पकता आणि राजीपणा हे अर्थ प्रसंगपरत्वे व्यक्त करणारे इंग्रजी गुणविशेषण. तरतमरूपे हॅपिअर व हॅपिएस्ट, क्रियाविशेषण हॅपिली, भाववाचक नाम हॅपिनेस, विरुद्धार्थी रूप अनहॅपी. इंग्रजीच्या अगदी आरंभीच्या पाठांतच हा शब्द 'आनंदी' या एकाच प्रतिशब्दासह विद्यार्थ्याच्या पदरी पडतो आणि पुढे बहुधा त्याच एका अर्थावर त्याची गुजराण चालते. वास्तविक 'आनंदी' हा या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्याचे कितीतरी प्रयोग अखेरपर्यंत चमत्कारिक वाटत राहतात.

'हॅप' हे नाम प्राचीन नॉर्स भाषेतील 'हाप्प', म्हणजे नशीब अथवा सुयोग, यावरून इंग्रजीत आले. चौदाव्या शतकाच्या सुमारास त्याला विशेषणाचा प्रत्यय लागून 'हॅपी' सिद्ध झाले, आणि 'दैव ज्याला अनुकूल आहे असा' हाच त्याचा तेव्हाचा अर्थ होता. हॅपन (घडणे), परहॅप्स (कदाचित), मिसहॅप (अपघात), हॅपलेस (दुर्दैवी) आणि हॅपहॅझर्ड (कसेतरी, अव्यवस्थित) हे शब्द याच कुळातले असून त्यांपैकी एकातही आनंदाचा लवलेश नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दैव आणि सुख यांची अशी सांगड घालणारी इंग्रजी ही एकटीच भाषा नव्हे : जर्मन भाषेत 'ग्ल्यूक' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, आणि फ्रेंचमधील 'बोनर' या शब्दाच्या पोटातही शुभ शकुनाचीच कल्पना आहे. प्राचीन इंग्रजीत सुखी, पुण्यवान अशा अर्थाने जो 'सेलिग' शब्द होता, त्याची गत मात्र विलक्षण झाली. सुखी, मग निष्पाप, मग बापडा आणि शेवटी मूर्ख अशा पायऱ्या उतरत तो आजच्या 'सिली' या रूपाला येऊन पोचला.

शेक्सपिअरच्या 'हेन्री पाचवा' या सुमारे 1599 मधील नाटकात, 1415 सालच्या ॲजिनकोर्टच्या लढाईपूर्वी राजा आपल्या मूठभर सैनिकांना जेव्हा हे विशेषण लावतो, तेव्हा शत्रूच्या प्रचंड सैन्यासमोर उभी असलेली ती थकलीभागली माणसे आनंदात आहेत असे त्याला सुचवायचे नसते. या रणात आपल्याबरोबर असण्याचे भाग्य त्यांना लाभले, एवढेच त्याचे म्हणणे असते. तेथे 'आनंदी' हा प्रतिशब्द योजणारा भाषांतरकार फसला म्हणून समजावे.

हा जुना अर्थ आज लोपला आहे असेही नाही. 'अ हॅपी कोइन्सिडन्स' म्हणजे सुदैवी योगायोग. 'अ हॅपी चॉइस ऑफ वर्ड्‌स' म्हणजे समर्पक शब्दयोजना, जणू योग्य शब्द आपण होऊन हाताला लागले. क्रियाविशेषणात तर तो ठसठशीतपणे टिकून आहे. 'द गेस्ट लेफ्ट हॅपिली' या वाक्याचा अर्थ पाहुणे आनंदाने गेले असा होतो. परंतु तोच शब्द उचलून आरंभी ठेवला आणि त्यापुढे स्वल्पविराम दिला, की 'हॅपिली, द गेस्ट लेफ्ट' या वाक्यात पाहुणे सुदैवाने एकदाचे गेले असा अर्थ निघतो, आणि आनंद पाहुण्यांच्या मुद्रेवरून यजमानाच्या मुद्रेवर येतो.

मराठीभाषकाची खरी अडचण अर्थापेक्षा शब्दयोगी अव्ययांत आहे. आपण एखाद्या'वर' खूश होतो, म्हणून 'हॅपी ऑन मी' अशी रचना सहजच तोंडातून निघते. इंग्रजीला ती मान्य नाही. एखादी व्यक्ती, वस्तू वा काम समाधानकारक वाटले तर 'विथ', घडलेल्या गोष्टीबद्दल आनंद असला तर 'अबाउट', आणि दुसऱ्याच्या भाग्याने आपल्याला बरे वाटले तर त्या व्यक्तीपूर्वी 'फॉर' योजावे. 'हॅपी टु' या प्रयोगात आनंद औपचारिक असून संमती मुख्य असते. आपल्याकडील खरेदीखतात 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' या शब्दांतल्या राजीखुशीचे जे स्थान, तेच 'आय ॲम हॅपी टु साइन' या वाक्यात त्याचे आहे. नकारार्थी प्रयोगाविषयी विशेष सावध असावे. मसुद्यावर साहेबांचा 'आय ॲम नॉट हॅपी विथ धिस' असा शेरा आला, तर साहेब दुःखी आहेत असा समज हाताखालच्या कारकुनाने करून घेऊ नये. इंग्रजी शिष्टाचारात ती स्पष्ट नापसंती असते, आणि मसुदा नव्याने करणे हेच त्यावरचे उत्तर होय.

'ग्लॅड' हा याचा निकटचा पर्याय. तो मुळात चकाकणारा, तेजस्वी या अर्थाचा. तो बहुधा क्रियापदानंतर येतो आणि विशिष्ट कारणाने झालेला तात्कालिक आनंद दाखवितो. म्हणून 'अ हॅपी चाइल्ड' ही रचना स्वाभाविक, पण 'अ ग्लॅड चाइल्ड' ही कानाला खटकणारी. 'ट्रिगर-हॅपी' (ऊठसूट गोळी झाडणारा) यासारखे सामासिक शब्द विसाव्या शतकातले असून त्यांत आनंदापेक्षा अनावर हौसच अधिक आहे.

'हॅपिनेस' या नामाचा प्रपंच स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बेंथॅम व मिल यांच्या उपयुक्ततावादाचा पाया याच शब्दावर उभा आहे, आणि लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (1915) 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात त्या मताची परीक्षा केली, तेव्हा त्यांनी सरळ 'सुख' हाच शब्द स्वीकारला. आनंदापेक्षा तो निःसंशय अधिक योग्य आहे.

शब्दाचा अर्थ देऊन न थांबता तो वाक्यात कसा बसतो हेही परभाषिक विद्यार्थ्याला दाखविले पाहिजे, या विचाराने ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमधील अध्यापनाच्या अनुभवातून रचलेला कोश 1942 मध्ये टोकिओत प्रसिद्ध झाला, व ऑक्सफर्डने पुढे तो जगभर पोचविला. 'हॅपी'सारखा शब्द अशाच कोशात उदाहरणांसह पाहावा. प्रतिशब्दांच्या यादीवरून तो कळत नाही.

आपल्याकडे रस्त्यांवर व गाड्यांवर आढळणारे 'हॅपी जर्नी' हे शब्द 'प्रवास सुखाचा होवो' या अर्थाने भारतीय इंग्रजीत पक्के रूढ झाले आहेत, आणि ते अशुद्ध ठरविण्याचे कारण नाही. इंग्लंडातील माणसाला निरोप देताना मात्र 'हॅव अ गुड जर्नी' म्हणावे.