समान करणारे यंत्र

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात लग्नाचा ढोल पलीकडच्या पाड्यापर्यंत ऐकू येतो. झांजांचा किणकिणाट मात्र वाटेतच विरतो. उच्च वारंवारतेचा ध्वनी हवेत अधिक शोषला जातो. टेलिफोनच्या लांब तारांतही असेच घडे. म्हणून अभियंत्यांनी वेटोळी आणि धारित्रे यांचे एक मंडल जोडले. ते नीच वारंवारताही तेवढ्याच क्षीण करी; मग वर्धक साऱ्यांना सारखे उंचावी. सर्वांची हानी समान करणारा, म्हणून हा 'इक्वलायझर'.

ध्वनिमुद्रिकांनीही हीच युक्ती घेतली. खर्जामुळे तबकडीवरची खाच फार रुंद होते आणि सुईच्या खरखरीत बारीक आवाज बुडतात. म्हणून मुद्रण करताना खर्ज कमी व उच्च वारंवारता अधिक ठेवत आणि वाजवताना नेमके उलट करीत. 1954 मध्ये अमेरिकेत यासाठी 'आरआयएए' हा प्रमाण आलेख ठरला. 20 हर्ट्झला वाजवताना सुमारे 19 डेसिबेल वाढ द्यावी लागते. येथवर हेतू एकच होता: मूळ आवाज परत मिळवणे.

त्याच सुमारास हा हेतू बदलू लागला. 1951 मध्ये यूजीन शेंक आणि ऑली समरलिन यांनी न्यू जर्सीत 'पल्टेक' इक्वलायझर आणला. त्यात खर्ज एकाच वेळी वाढवता आणि घटवता येई. दोन्ही आलेख तंतोतंत जुळत नसल्याने बेरीज शून्य होत नसे. खालचा खर्ज फुगे आणि त्याच्या किंचित वर खळगा पडे. हा दोषच ध्वनिमुद्रकांना गोड वाटला. आज मिश्रण व मास्टरिंग करताना वापरली जाणारी 'अॅनालॉग' धाटणीची प्लगइने असे आलेख, आणि व्हॉल्व्ह व रोहित्रांमुळे येणारी विकृतीसुद्धा, आकडेमोडीने उभी करतात.

शिक्षकांनी हा इतिहास लक्षात ठेवावा, कारण आता ध्वनिमुद्रण मोबाइलवरही होते. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी शहापूर-मुरबाडमध्येही वारली वस्ती आहे. वारल्यांच्या तारप्यात दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि त्यांतील कंप पावणारी पाती असतात. पात्यांची करकर हाच त्याचा प्राण. 2000 ते 5000 हर्ट्झचा पट्टा कानाला सर्वाधिक जाणवतो. 'कर्कश' म्हणून तो दाबला, तर ऐकणाऱ्याला तारपा नव्हे, आपली आवड ऐकू येते. म्हणून विद्यार्थ्यांसह मुद्रण केल्यास मूळ प्रत जशीच्या तशी जपावी, बदल दुसऱ्या प्रतीवर करावेत आणि दोन्ही वादकाला ऐकवून विचारावे: तुमचा तारपा यांतला कोणता?