बृहत् आराखड्याचे दोन पूर्वज

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या असंख्य कागदपत्रांपैकी सामान्य वाचकापर्यंत पोहोचतो तो बहुधा एकच: पाच वर्षांचा बृहत् आराखडा. तो अधिसभेत आला की सभा तापते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर बातमी झळकते. बातमीत असते ती स्थळबिंदूंची यादी. कोणत्या तालुक्यात नवे वरिष्ठ महाविद्यालय, कुठे विधी, कुठे बी.एड., कोणत्या गावाचे नाव गळले. संस्थाचालक ही यादी बारकाईने वाचतात, कारण त्यात गाव नसेल तर नव्या महाविद्यालयाचा प्रस्तावच उभा राहत नाही. शासनाकडून प्राथमिक संमतीचे इरादापत्र मिळणे ही तर दूरची गोष्ट. विद्यापीठाने आपल्या भागातल्या शेतीशी, कारखानदारीशी, नगरपालिका-ग्रामपंचायतींशी कसे नाते ठेवावे, याचेही विवेचन त्याच आराखड्यात असते. त्यावरून मात्र कुणी भांडत नाही.

हे असे का, याचे उत्तर आराखड्याच्या वंशावळीत सापडते. त्याचे पूर्वज दोन. एक नकाशातून आला, दुसरा शिवारातून.

नकाशाचा वंश 1857 पासून मोजता येतो. 1854 च्या वूडच्या खलित्यानुसार मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठे निघाली. नमुना लंडन विद्यापीठाचा: शिकवणार महाविद्यालये, परीक्षा घेणार आणि पदवी देणार विद्यापीठ. अशा विद्यापीठाला आपल्या परिसराशी नाते जोडायचे कारणच नव्हते. त्याचा संबंध महाविद्यालयांशी, आणि महाविद्यालये दूरदूर पसरलेली. कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज आणि अहमदाबादचे गुजरात कॉलेज, दोन्ही मुंबईलाच संलग्न होती. या विद्यापीठाचा ‘प्रदेश’ म्हणजे त्याची परीक्षा चालते तो मुलूख. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळातल्या 1904 च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली आणि प्रत्येकाची हद्दही आखण्याची तरतूद केली. कार्यक्षेत्र ही कल्पना तेव्हापासून कारभारात पक्की रुतली.

त्यानंतरचा आपल्याकडचा इतिहास बऱ्याच अंशी ही हद्द कापत जाण्याचा आहे. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ झाले. 1948 च्या कायद्याने पुणे विद्यापीठ निघाले, तेव्हा त्याच्याकडे पश्चिम महाराष्ट्राचे 12 जिल्हे होते. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि पुण्याकडे पाच जिल्हे उरले. 1990 मध्ये जळगावचे विद्यापीठ निघाल्यावर तीनच. मुक्तीनंतर गोव्यात निघालेली महाविद्यालये मुंबईला संलग्न होती, ती 1985 मध्ये गोवा विद्यापीठाकडे गेली. 1994 मध्ये नांदेड आणि 2004 मध्ये सोलापूर वेगळे झाले. सोलापूरचे विद्यापीठ तर एकाच जिल्ह्याचे. 2011 मध्ये नागपूरपासून चंद्रपूर आणि गडचिरोली वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ झाले. प्रत्येक वेळी मागणीमागे प्रादेशिक अस्मिता होती, अनुशेषाचा राग होता, आणि एका सहीसाठी दीडशे-दोनशे किलोमीटरचा प्रवास टाळण्याची अगदी व्यवहारी गरजही होती. हाती आले ते मात्र जवळचे परीक्षा भवन आणि जवळचे संलग्नीकरण.

दुसऱ्या पूर्वजाचा जन्म वर्गाबाहेरचा. इंग्लंडमध्ये जेम्स स्टुअर्टच्या आग्रहावरून केंब्रिज विद्यापीठाने 1873 मध्ये नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर या कामगारवस्तीच्या शहरांत व्याख्याने सुरू केली. विद्यापीठीय विस्तारकार्याची सुरुवात म्हणून हे वर्ष धरतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1875 मध्ये, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या 1862 च्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एक. केंब्रिजमध्ये जे काम विद्यापीठाने अंगावर घेतले, ते इथे विद्यापीठाच्या पदवीधराने त्याच्या दाराबाहेर केले. विद्यापीठ त्या वेळी परीक्षा घेत होते.

पण व्याख्यान ऐकणाऱ्याची गरज काय, हे बोलणाराच ठरवतो. ही मर्यादा ओलांडली गेली अमेरिकेत. 1862 च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला, काँग्रेसमधल्या त्याच्या दर प्रतिनिधीमागे 30,000 एकर या हिशेबाने सरकारी जमीन मिळाली. ती विकून शेती आणि यांत्रिकी शिकवणारी महाविद्यालये काढायची होती. 1887 च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगकेंद्रे जोडली गेली. तरी शेतकरी तिकडे फारसा फिरकत नव्हता. पुस्तकी शेतीवर त्याचा विश्वास नव्हता. 1903 मध्ये टेक्सासमधल्या टेरेल गावाजवळ सीमन नॅप यांनी वेगळीच तोड काढली. प्रयोग सरकारी जमिनीवर न करता वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्याच शेतात करायचा, आणि नुकसान झाले तर ते गावातल्या व्यापाऱ्यांनी जमवलेल्या निधीतून भरून द्यायचे. पोर्टरला फायदा झाला. 1906 पासून एकेका परगण्यासाठी, म्हणजे कौंटीसाठी, कायमचा कृषी प्रतिनिधी नेमायला सुरुवात झाली, आणि 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने ही पद्धत देशभर नेली.

त्या कायद्याची मेख पैशाच्या रचनेत होती. केंद्राच्या अनुदानाला जोड म्हणून राज्याने आणि स्थानिकांनीही पैसा उभा करायचा. त्यामुळे प्रतिनिधी विद्यापीठाचा माणूस असला, तरी त्याच्या पगारात परगण्याचा वाटा असे आणि त्याच्या कामावर परगण्याची नजर असे. कोणता प्रश्न आधी घ्यायचा, हे एकट्या विद्यापीठाच्या हातात राहिले नाही.

विस्कॉन्सिन विद्यापीठाने हाच विचार शेतीच्या पलीकडे नेला. 1890 मध्ये तिथल्या स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातली स्निग्धता मोजण्याची सोपी चाचणी काढली आणि तिचे पेटंट घेतले नाही. पाणी घातलेल्या आणि सकस दुधाला एकच भाव, ही रड त्यामुळे संपली. आपल्या संकलन केंद्रांवर फॅट लावण्याची रीत निराळी असली, तरी भाव फॅटवर ठरवण्यामागचा विचार तोच आहे. पुढे चार्ल्स व्हॅन हाइस अध्यक्ष असताना राज्यातल्या प्रत्येक घराला विद्यापीठाचा उपयोग झाला पाहिजे, ही त्यांची भूमिका ‘विस्कॉन्सिनची कल्पना’ म्हणून ओळखली जाऊ लागली. प्राध्यापक विधिमंडळाला कायद्याचे मसुदे करायला मदत करू लागले. 1911 मध्ये त्या राज्याने कामगार नुकसानभरपाई आणि प्राप्तिकराचे कायदे केले.

हा वारसा भारतात आला, पण एकाच दाराने. 1960 मध्ये पंतनगरला इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रात 1968 मध्ये राहुरी, 1969 मध्ये अकोला, 1972 मध्ये परभणी आणि दापोली. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे त्यांच्या स्थापनेतच होती. त्यांची फळे शेतकऱ्याला नावानिशी ठाऊक आहेत: दापोलीचा रत्ना आंबा, वेंगुर्ल्याच्या केंद्राचे काजूचे वाण, राहुरीचे भगवा डाळिंब. राहुरीची ‘कृषिदर्शनी’ शेतकऱ्याच्या घरात असते आणि अकोल्याच्या शिवारफेरीला लोक गाड्या करून जातात. शिवाय चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन समिती दरवर्षी बसते आणि नवे वाण, नवी अवजारे आणि शिफारशी मंजूर करते. वर्षभरात काय दिले, हे विचारण्याची एक ठरलेली जागा आहे.

बिगरकृषी विद्यापीठांच्या वाट्याला यातले व्याख्यान तेवढे आले. बहिःशाल शिक्षण मंडळे स्थापन झाली, गावोगावी व्याख्यानमाला रंगल्या. गांधी शताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि हिवाळी शिबिरे आली. 1977 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विस्तारकार्याला अध्यापन-संशोधनाच्या बरोबरीचे तिसरे अंग मानले. या सगळ्यातून विद्यार्थ्यांना गाव दिसले, हे मोलाचेच. पण सात दिवसांच्या शिबिराला गावाचा प्रश्न सोडवण्याची जबाबदारी घेता येत नाही.

वेगळी वाट आपल्याकडेही दिसली होती. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतीत, व्यापारात, मजुरीत काय फरक पडला, प्रत्यक्ष लाभ कोणते आणि अप्रत्यक्ष कोणते, याची पाहणी धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे करून 1948 मध्ये प्रसिद्ध केली. आज ज्याला प्रादेशिक परिणामाचे मूल्यमापन म्हणतात, त्याचा हा मराठी मुलखातला ठोस नमुना. हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. प्रदेशाचा अभ्यास, प्रदेशातली संस्था, विद्यापीठ आणि नियोजन ही चारही टोके एका माणसात एकत्र आली. त्यांना जोडणारी व्यवस्था मात्र विद्यापीठात उभी राहिली नाही.

नियोजनाची भाषा विद्यापीठात आली ती निराळ्या वाटेने. 1960 च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनने, क्लार्क कर यांच्या पुढाकाराने, राज्यातल्या उच्च शिक्षणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या आणि कुणी कुठे काय शिकवायचे हे वाटून दिले. 1983 मध्ये जॉर्ज केलर यांच्या पुस्तकाने उद्योगांतले व्यूहात्मक नियोजन अमेरिकी विद्यापीठांत लोकप्रिय केले. महाराष्ट्राच्या 1994 च्या विद्यापीठ कायद्याने पाच वर्षांचा आराखडा सक्तीचा केला, तो उच्च शिक्षणसंस्थांच्या जागा ठरवण्यासाठी: सोयींचे न्याय्य वाटप व्हावे, वंचित आणि अविकसित भागांकडे विशेष लक्ष असावे. हेतू चांगलाच होता. पण आराखडा जन्मला तो नकाशाच्या घरात. 2016 च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली, तो तयार करण्याचे काम अधिष्ठाता मंडळाकडे दिले, आजीवन अध्ययन आणि विस्तारासाठी वेगळे मंडळ ठेवले. तरी ज्या निर्णयावर कुणाची तरी इमारत उभी राहणार, तोच निर्णय चर्चेचा वेळ खातो.

मधल्या काळात मोजमाप आले. ब्रिटनने 2014 च्या संशोधन मूल्यांकनात समाजावरील परिणामाला 20 टक्के वजन दिले. आपल्याकडे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने विस्तारकार्याला गुण ठेवले, तर राष्ट्रीय मानांकनात ‘आउटरीच’ नावाचा घटक आला. त्या घटकात परराज्यांतून आणि परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला गुण आहेत. गडचिरोलीच्या विद्यापीठाने गडचिरोलीचीच मुले शिकवली, तर त्या रकान्यात ते मागे पडते. दत्तक गावांची यादी, सामंजस्य करारांच्या प्रती, कार्यक्रमांची छायाचित्रे असा पुरावा फायलीत जमत जातो. प्रदेशात काय बदलले, ते त्यातून कळत नाही.

तरीही नकाशाच्या वंशाने नकळत एक काम करून ठेवले आहे. हद्द कापत कापत आपण बारा जिल्ह्यांवरून एका-दोन जिल्ह्यांच्या विद्यापीठापर्यंत आलो, आणि शिवाराचा वंश जिथे फळला ती पातळी हीच. सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास गाडगीळांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्या शहराला विद्यापीठ नव्हते. आज आहे. यंत्रमागावरच्या कामगाराच्या मुलांचे पुढे काय होते, उसाने भूजलाचे काय केले, हे दर पाच वर्षांनी पद्धतशीरपणे विचारणे एका जिल्ह्याच्या विद्यापीठाला अवघड नाही. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. लागेल ते एवढेच: प्रश्न ठरवताना जिल्हा परिषद, महापालिका, कारखाने आणि कामगार संघटना बरोबर बसाव्यात, खर्चातला थोडा वाटा त्यांनीही उचलावा, प्रत्येक प्रश्नापुढे एका विभागाचे नाव आणि मुदत लिहिलेली असावी. पैसा दिलेला माणूस उत्तर मागतो, आणि उत्तर मागणारा कुणी असेल तर विस्ताराचे प्रकरणही स्थळबिंदूंच्या यादीइतक्याच ईर्ष्येने वाचले जाईल.