काठीचें टोंक आणि हाताची संवय

बिलियर्ड्सचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे फ्रान्सच्या राजांचीं टेबलें, हस्तिदंती चेंडू आणि उमरावांच्या पैजा यांचीं वर्णनें पानोंपान करतां येतात. परंतु ज्या काठीवांचून हा खेळ क्षणभरहि चालावयाचा नाहीं, तिच्या पुढल्या वीतभर भागांत गेल्या दोनशें वर्षांत काय काय घडलें, हें सांगण्याकडे लेखकांचें लक्ष क्वचितच जातें. आम्ही स्वतः गेलीं पंचवीस वर्षें सायंकाळीं कॉलेजचें काम आटोपलें म्हणजे तासभर पूल खेळत आलों. पण आमचेंहि लक्ष तिकडे गेलें नव्हतें. तें जाण्यास निमित्त झालें एका जुन्या विद्यार्थ्यानें अमेरिकेहून आणून दिलेल्या शाफ्टचें, म्हणजे काठीच्या पुढच्या अर्ध्या भागाचें. तो आमच्या जुन्याच मुठीवर नेमका बसला, आणि आमचा खेळ मात्र त्या दिवसापासून बसेनासा झाला. ती हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं थोडें मागें जाणें अवश्य आहे.

हिरवळीवर खेळण्याचा हा खेळ पंधराव्या शतकांत घरांत व टेबलावर आला. बनातीचा हिरवा रंग ही त्या गवताचीच आठवण होय, असें म्हणतात. त्या वेळीं चेंडू मारण्याचें साधन म्हणजे ‘मेस’. लांब दांडा आणि त्याच्या टोंकाला लांकडाचें चपटें डोकें, असें त्याचें रूप असे. तें डोकें चेंडूमागें ठेवून चेंडू पुढें ढकलावयाचा. यांत मारणें थोडें आणि लोटणें फार. चेंडू कुशनला चिकटून बसला म्हणजे तें रुंद डोकें त्याच्या मागें शिरत नसे. तेव्हां खेळणारे काठी उलटी धरीत आणि दांड्याच्या शेवटानें, म्हणजे शेपटीनें, चेंडू मारीत. शेपटीला फ्रेंच भाषेंत ‘क्यू’ म्हणतात. अडचणीच्या वेळीं उपयोगांत आणलेली ही शेपटी हळूहळू इतकी पसंत पडली कीं तिनें डोक्याची जागा घेतली आणि काठीला आपलें नांवहि दिलें. तरी नवशिक्यांच्या व स्त्रियांच्या हातीं पुष्कळ दिवस मेसच देत असत. क्यूच्या उघड्या टोंकानें बनात फाटेल, ही भीति.

या लांकडी टोंकाचा मोठा दोष असा, कीं चेंडूच्या मध्यभागाशिवाय दुसरीकडे मारलें तर तें सटकत असे. हा दोष नाहींसा करण्याचें श्रेय कॅप्टन मिंगो या फ्रेंच गृहस्थाला देण्यांत येतें. राजकीय कैदी म्हणून तो तुरुंगांत होता आणि त्या तुरुंगांत बिलियर्ड्सचें टेबल होतें. (कैद्यांच्या नशिबीं असे तुरुंग पुढें फारसे आले नाहींत.) तेथें त्यानें काठीच्या टोंकाला चामड्याची चकती बसविली आणि तिच्या योगानें चेंडूला कोठेंहि मारून हवी तशी गिरकी देतां येते असें त्याला आढळून आलें. हा शोध १८०७ च्या सुमाराचा समजला जातो. शिक्षेची मुदत संपली तेव्हां, आपला अभ्यास पुरा व्हावा म्हणून आणखी कांहीं दिवस तुरुंगांत ठेवावें, अशी त्यानें विनंति केली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ज्यानें ती प्रथम रचिली त्याला खेळाडूचें मन चांगलें ठाऊक होतें, एवढें खरें. मिंगोनें आपले प्रयोग १८२७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले.

चामड्यावर खडू घांसण्याची युक्ति इंग्लंडांत पसरली, तींत बाथ येथील कार नांवाच्या मार्करचा भाग मोठा होता. हा मनुष्य साधा खडूच डब्यांत भरून गिरकीची जादूची पूड म्हणून विकत असे, असें सांगतात. अमेरिकेंत चेंडूच्या आडव्या गिरकीला आजहि ‘इंग्लिश’ म्हणतात; आपल्याकडे तिला ‘साइड’ हेंच नांव रूढ आहे. याच सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टननें लांकडाच्या जागीं पाटीच्या दगडाचें टेबल आणि पुढें रबराचें कुशन आणिलें. पुढें हस्तिदंताच्या चेंडूंची जागाहि रासायनिक पदार्थांच्या चेंडूंनीं घेतली.

खेळाडूंच्या हातांत आलेली ही नवी शक्ति विद्वानांच्या दृष्टीस पडल्यावांचून राहिली नाहीं. पृथ्वीच्या भ्रमणामुळें वाऱ्यांना मिळणाऱ्या वळणाच्या संबंधांत ज्याचें नांव भूगोलाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतें, त्या गास्पार कोरिओलीनें १८३५ सालीं बिलियर्ड्सच्या गणितावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गिरकी घेतलेला चेंडू बनातीवर घसरत असतां त्याचा मार्ग पराबोला असतो, आणि अधिकांत अधिक साइड हवी असेल तर चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्यावर मारावें, हे त्याचे सिद्धान्त आजहि खेळाडूंच्या तोंडीं आहेत. ते कोणाचे, हें मात्र बहुतेकांस ठाऊक नसतें.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. चेंडूच्या उजव्या बाजूस मारलें तर तो काठीच्या रोंखानें सरळ न जातां किंचित् डावीकडे सरतो, आणि डाव्या बाजूस मारलें तर उजवीकडे. हा अनुभव चांगल्या खेळाडूंस फार जुना आहे. आम्हांस तो शिकविला आमच्या क्लबांतील एका वृद्ध मार्करनें. आम्ही तेव्हां नुकतेच लेक्चरर झालों होतों. ‘साहेब, उजवी साइड द्यायची तर नजर अंगुळभर उजवीकडे ठेवा; चेंडू आपण होऊन जागेवर येतो,’ असें तो म्हणे. असें कां होतें हें त्यानें सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. तो आतां हयात नाहीं. पण त्याचें तें अंगुळभर अंतर आमच्या मनगटांत इतकें मुरलें होतें कीं आपण तें ठेवतों याची शुद्धिहि आम्हांस राहिली नव्हती.

कारण असें आहे. काठी चेंडूला मध्याच्या बाजूस लागली कीं चेंडू फिरूं लागतो. खडूमुळें चामडें चेंडूला धरून असतें, म्हणून फिरणारा चेंडू काठीच्या टोंकाला आडवें ढकलतो. टोंकाला वजन आहे. तें सहजासहजीं हलत नाहीं आणि उलट चेंडूला दुसरीकडे रेटतें. टोंक जितकें जड तितका हा रेटा मोठा. येथें कोणी म्हणेल कीं सबंध काठीच चांगली अठरा-वीस औंसांची असते, मग टोंकाच्या चार-दोन ग्रॅमांची मातब्बरी ती काय? परंतु चेंडू आणि चामडें यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें एक हजारांश भागापुरताच टिकतो. तेवढ्या अवधींत त्या आडव्या धक्क्याची लाट काठीच्या पुढच्या कांहीं इंचांपलीकडे पोंचतच नाहीं. मागची जाड मूठ आणि ती धरणारा हात, यांना वार्ता लागण्यापूर्वींच चेंडू निघून गेलेला असतो. टोंकाजवळ लहानसें वजन बांधून मारलें तर चेंडू अधिक सरतो. तेंच वजन मुठीजवळ बांधलें तर कांहीं फरक पडत नाहीं. इतका सोपा प्रयोग असतांहि काठीचा ताठपणा हेंच सर्वांचें कारण होय, अशी समजूत पुष्कळ वर्षें प्रचलित होती.

या ज्ञानाचा व्यापारी उपयोग विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फ्लोरिडा प्रांतांतील जॅक्सनव्हिल येथें झाला. तेथील कारखानदारांनीं ‘आयर्न विली’ नांवाचा एक यांत्रिक मनुष्य उभा केला. त्याच्या लोखंडी हातांत निरनिराळ्या काठ्या देऊन चेंडू किती सरतो तें मोजलें, आणि मग मेपलच्या लांकडाच्या पाचरी जोडून, टोंकाचा गाभा पोखरून व पुढचें फेरूल हलकें करून ‘प्रेडेटर’ या नांवाचा शाफ्ट विकावयास आणिला. पुढें कार्बनच्या तंतूंचे पोकळ शाफ्ट निघाले. या साऱ्यांस ‘लो डिफ्लेक्शन’ म्हणतात. नांव फसवें आहे. आमच्या क्लबांतील एका वकील स्नेह्यांनीं ही काठी कमी वांकते असा अर्थ करून तिच्या ताठपणाची तारीफ चालविली होती. वस्तुतः काठीचें टोंक हलकें असल्यामुळें तेंच अधिक बाजूस सरतें, आणि म्हणून चेंडू कमी सरतो.

चेंडू कमी सरला तर खेळ सोपा व्हावा, असें कोणासहि वाटेल. आम्हांसहि वाटलें. पहिल्या संध्याकाळीं आम्हीं साइड देऊन मारलेल्या चेंडूंपैकीं क्वचितच एखादा पॉकेटांत पडला असेल. आणि गंमत अशी कीं सर्व चुका एकाच बाजूला होत होत्या. आधीं चष्म्याचा संशय आला, मग वयाचा. शेवटीं घरीं येऊन कागद घेतला. समजा, जुन्या शाफ्टनें पुष्कळ साइड दिली असतां चेंडू अडीच अंश सरतो आणि नव्यानें दीड अंश. चार फुटांवर अडीच अंश म्हणजे दोन इंचांहून थोडें अधिक, अर्थात् पुलाच्या सव्वादोन इंची चेंडूच्या जवळजवळ सबंध रुंदीइतकें. दीड अंश म्हणजे सव्वा इंच. मार्करनें दिलेलें जुनें अंतर हात इमानानें ठेवीत होता, आणि चेंडू मात्र पाऊण इंचाहून अधिक ठेवणीच्याच बाजूस पडत होता. म्हणजे चूक होत होती ती हात चुकल्यामुळें नव्हे. तो बरोबर होता म्हणून.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. कित्येक खेळाडू आधीं मध्यावर नेम धरतात आणि मग पुढचा हात टेबलावर तसाच ठेवून मागचा हात बाजूस नेतात. त्यामुळें काठी पुढच्या हाताभोंवतीं फिरते आणि चेंडूच्या सरण्याची भरपाई आपोआप होते. पण ही भरपाई नेमकी व्हावयाची तर टेबलावरील हात टोंकापासून ठराविक अंतरावर हवा. वरच्याच आंकड्यांनीं हिशेब केला तर जुन्या शाफ्टला हें अंतर सुमारें तेरा इंच येतें, म्हणजे हात सहज ठेवतां येईल असें. नव्याला तें एकवीस इंचांवर जातें. इतक्या मागें हात ठेवून नेम धरणें आमच्यासारख्याला अशक्य. तेव्हां ती युक्ति जशीच्या तशी सोडावी लागते, किंवा थोडें फिरविणें व थोडें सरळ नेणें असें कांहीं मिश्रण साधावें लागतें.

हळू मारलेल्या चेंडूची गोष्ट आणखी निराळी. काठी टेबलाला कधींच पूर्ण समांतर नसते. मूठ थोडी वर असते. त्यामुळें साइड दिलेला चेंडू बाजूस सरल्यावर बनातीवर वळण घेऊन उलट परततो. जुन्या काठीनें सरणें आणि परतणें यांची बरीच वजाबाट होत असे. नव्या काठीनें सरणें कमी, परतणें मात्र तेवढेंच. म्हणून हळू चेंडू कधीं कधीं नेमाच्या पलीकडेच जातो. हें आमच्या ध्यानांत यावयास दोन महिने लागले.

अशा वेळीं मनांत येतें, मेस टाकून क्यू हातीं घेणाऱ्या त्या जुन्या उमरावांचें काय झालें असेल? लोटण्यांत मुरलेला हात मारण्यास कसा तयार झाला असेल? ग्रंथांतून मिंगो आणि कार यांचीं नांवें सांपडतात. ज्यांचें कसब त्यांच्या शोधांनीं एका दिवसांत निरुपयोगी केलें त्यांचीं सांपडत नाहींत. आपल्या देशाचा या खेळाशीं संबंध लहान नाहीं. स्नूकर हा खेळच १८७५ सालीं जबलपूर येथें लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्यें (ही मेस निराळी) नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानें काढला; आणि पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें व १९६४ सालीं न्यूझीलंडांत तें पुन्हां जिंकलें. पण क्लबांच्या दिवाणखान्यांतून ज्या मार्करांनीं पिढ्यान् पिढ्या साहेबांना व साहेबांनंतर आम्हांस नेम धरावयास शिकविलें, त्यांच्या विद्येची कोणी टिपणें केलीं नाहींत. ती विद्या एका विशिष्ट जाडीच्या, विशिष्ट वजनाच्या टोंकावर उभी होती.

जुना शाफ्ट पुन्हां लावावा असें आमच्या मनांत अनेकदां आलें, आणि एकदां लाविलाहि. तेव्हां आढळलें कीं आतां त्यानेंहि नीट मारतां येत नाहीं. हात मधल्या मधें कोठें तरी अडकला होता. मग नवाच ठेवण्याचा निश्चय केला. महिनाभर साइड अजिबात न देतां खेळलों, नंतर जवळचे चेंडू घेतले आणि शेवटीं लांबचे. सध्यां जवळच्या चेंडूंवर आमचा बऱ्यापैकीं विश्वास बसला आहे. लांबच्या चेंडूंवर अजून नाहीं.

क्लबांत हल्लीं एक विद्यार्थी येतो. तो पहिल्यापासून असल्याच शाफ्टवर शिकला. परवां आमचा डाव पाहतांना त्यानें विचारलें, ‘सर, मारण्यापूर्वीं तुम्ही क्षणभर उजवीकडे कां पाहतां?’ आम्हीं त्याला त्या मार्करची हकीकत सांगितली. त्यानें ती आदरानें ऐकून घेतली, टोंकाला खडू लावला आणि आठ नंबरचा चेंडू सरळ पॉकेटांत टाकला.